सरळ केलेलं स्टेअरिंग

रोज सकाळी शेडचं दार उघडलं की चंदू मिस्त्री आधी पुढच्या चाकांकडे बघायचा. चाकं डावीकडे वळलेली असायची. संध्याकाळी त्यानं स्वतःच्या हातानं ती सरळ करून ठेवलेली असायची, आणि सकाळी ती डावीकडे. सुरुवातीला त्याला वाटलं, जमीन उतरती असेल, म्हणून त्यानं सिमेंट घालून ती सपाट करून घेतली. मग वाटलं, एका टायरातली हवा उतरत असेल, म्हणून ट्यूब बदलली. शेवटी दोन्ही चाकांना विटा लावल्या. सकाळी विटा बाजूला सरकलेल्या होत्या. त्यानंतर त्यानं कारणं शोधायचं सोडून दिलं. टेकडीवरचं ते वळण डावीकडचं होतं, आणि चंदूला तेवढं कारण पुरेसं होतं.

गाडी त्याच्या मुलाची, निमेशची. गाडी म्हणायचं इतकंच, नाहीतर दुकानात मिळणारी ती वस्तूच नव्हती. लोखंडी पाइप वाकवून केलेला सांगाडा, त्यावर डोक्याच्या वरून जाणारा पाइपांचाच पिंजरा, मागे जुन्या मोटारसायकलचं इंजिन, आणि जमिनीपासून वीतभर उंच उचललेली बॉडी, म्हणजे दगडधोंड्यांत पोट घासायला नको. गो-कार्ट म्हणतात तिला. गुळगुळीत मैदानावर चालवायची गो-कार्ट वेगळी. ही डोंगरातल्या पायवाटांसाठी होती. मुलुंडला आणि घाटकोपरला अशा गाड्या घरी बनवणाऱ्या पोरांचा एक ग्रुप होता आणि निमेश त्यांचे व्हिडिओ बघून वेडा झाला होता.

मढला पावसाळ्याचे दोन महिने होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. मासेमारी बंद, माणसं रिकामी. एरवी वर्सोव्यापासून चारकोपपर्यंतची इंजिनं चंदूकडे येत, पण तीही कामं जुलैत उरकली होती. तेव्हा बापलेकांनी शेडमध्ये गाडी उभी केली. निमेशचा जिवाभावाचा दोस्त दिपेश वर्सोव्याहून तरीनं खाडी ओलांडून रोज यायचा. ब्रेक त्यानं बसवले. वेल्डिंग निमेशचं. आणि स्टेअरिंग चंदूचं.

आता इथंच घोळ झाला, आणि असा घोळ एखाद्या कोळ्याच्याच हातून व्हावा. चंदूची तीस वर्षं छोट्या होडीच्या सुकाणूवर गेलेली. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकला, होडी उजवीकडे जाते. उजवीकडे ढकला, डावीकडे जाते. हे त्याच्या डोक्यात नव्हतं, हाडात होतं. स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक छोटी पट्टी असते, ती चाकांना जोडलेले गज ओढते. ती पट्टी खाली लोंबती ठेवायची असते. चंदूनं विचार केला, खाली ठेवली तर दगडाला आपटेल, म्हणून त्यानं ती वर तोंड करून बसवली. बसवली, हलवून बघितली, डावीकडे फिरवलं तर चाकं उजवीकडे वळली, आणि त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही.

वावगं दिसलं ते सगळ्या गावाला. निमेश पहिल्यांदा गाडी घेऊन निघाला तो सरळ जाळी वाळत घातली होती त्यांच्यात घुसला. जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्यांनी गुडघे बडवले. "चंदूची गाडी सुकाणूवर चालते रे! भरती बघून काढा!" दुसऱ्या दिवशी बाजारात कमळच्या, म्हणजे चंदूच्या बायकोच्या, टोपलीपाशी हाच विषय. चंदूनं वरवर हसून घेतलं, पण ते जिव्हारी लागलं होतं. ज्या माणसाकडे अर्ध्या किनाऱ्याची इंजिनं येतात त्याला चाक कुठं वळतं हे कळत नाही, हे ऐकून घेणं सोपं नसतं.

"काढून दे, नीट बसवतो," तो पोराला म्हणाला.

"राहू दे बाबा," निमेश म्हणाला. "झकास हाय. दुसरा कोण चालवूच शकणार नाय. चोरीचं टेन्शन नाय."

आणि खरंच, पोरानं तीन आठवड्यांत हात असे उलटे वळवून घेतले की बघणाऱ्याला चक्कर यावी. डावीकडे जायचं तर उजवीकडे फिरवायचं. दिपेशनंही शिकून घेतलं. चंदू मात्र गाडी अंगणातून गेली की मान दुसरीकडे वळवायचा.

मग ऑक्टोबरात घाटकोपरच्या ग्रुपनं निमेशला बोलावलं. ती पोरं रविवारी त्याची गाडी बघणार, चालवून बघणार, व्हिडिओ काढणार. आधी शनिवारी टेकडीवर सराव करायचा असं निमेशनं ठरवलं. चंदूच्या डोळ्यांसमोर तो व्हिडिओ आला. कुठल्या कुठल्या पोरांनी हसत हसत म्हटलेलं त्याला ऐकू आलं, हे कोणी बसवलं यार? शुक्रवारी संध्याकाळी निमेश वर्सोव्याला गेलेला असताना चंदूनं सतरा नंबरचा पाना घेतला, नट सैल केला, पट्टी वरची खाली फिरवली आणि नट आवळला. दहा मिनिटांचं काम. पाना जागेवर ठेवला आणि तो घरात येऊन जेवायला बसला. निमेशला सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे आपण चुकलो होतो हे तोंडानं म्हणायचं, आणि ते त्या माणसाला जन्मात जमलं नव्हतं. सकाळी सांगू, त्यानं ठरवलं.

सकाळी तो उठला तेव्हा निमेश आणि दिपेश दोरी बांधून गाडी ओढत गल्लीच्या टोकाला पोचले होते. चंदूनं तोंड उघडलं, आणि मिटलं. घरातून बाहेर पडलेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे कोळ्याच्या घरात पोर चालायला लागतं तेव्हाच शिकवतात. समुद्रावर निघालेल्याला तर नाहीच. गाडी काही समुद्रावर निघाली नव्हती, हे चंदूला समजत होतं. पण लाजेला आडोसा हवा असला की रीतीभाती कामाला येतात. पहिल्याच झोल्याला, गाडी एकदा भलत्या बाजूला झुकली की कळेल त्याला, हुशार आहे, असं म्हणून तो चूळ भरायला वळला.

टेकडीवर पाण्याच्या जुन्या टाकीपासून एक लाल मातीची वाट सरळ खाली येते, आणि मग डावीकडे वळते. वळणाच्या उजव्या हाताला बंद पडलेली दगडाची खाण आहे. दिपेशनं पोलिसांना सांगितलं तेवढंच गावाला कळलं: गाडी सुटली, तीन झोले खाल्ले, आणि वळणावर डावीकडे जायच्या ऐवजी उजवीकडे, खाणीत गेली. निमेशचा मृत्यू पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतला. कमळनं मात्र ते ऐकून घेतलं नाही. गाडी थांबली नाही म्हणजे ब्रेक लागला नाही, आणि ब्रेक दिपेशचे.

त्या दिवसापासून तिनं दिपेशला सोडलं नाही. तरीची होडी लागते त्या धक्क्यावर उभी राहून, चार माणसांत, ती त्याला बोलायची. तुझे हात झडतील. तुझ्या आयेला माझ्यासारखं बसायला लागेल. पोरगं खाली मान घालून ऐकायचं. एकदाही उलट बोललं नाही. हळूहळू त्यानं मढला येणं बंद केलं, आणि लोक सांगत, की त्यानं गॅरेजमधली नोकरीही सोडली, पान्याला हात लावत नाही. घरी कमळ हे सगळं चंदूला सांगायची आणि चंदू ताटातला भात चिवडत बसायचा.

त्याला एकच गोष्ट खात होती. ते तीन झोले. पहिल्या झोल्याला पोराला काही कळलं नसेल. दुसऱ्याला शंका आली असेल. तिसऱ्याला कळलं असेल का? स्टेअरिंगला कोणी हात लावला हे कळलं असेल का? कोण असणार, दुसरं होतं कोण? होडीचं इंजिन खोलताना, कमळशी बोलताना, मशेरी लावताना चंदू ते तीन झोले मोजत असायचा. मोजता मोजता तो तिसऱ्यावर थांबायचा. त्याच्या पुढं त्याला जाववत नव्हतं.

गाडी त्यानं खाणीतून वर काढून आणली होती. भंगारवाला दारात येऊन गेला, चंदूनं त्याला हाकललं. चेपलेला सांगाडा गरम करून सरळ केला, इंजिन खोलून पुन्हा बसवलं, गज नवे टाकले. कशासाठी, हे विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. ती पट्टी मात्र त्यानं होती तशीच ठेवली, खाली तोंड करून, आणि नट वेल्ड करून टाकला. आपला हात परत कधी तिथं जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि मग सकाळी सकाळी चाकं डावीकडे वळलेली दिसू लागली. ते वळण घ्यायचा कोणीतरी रोज प्रयत्न करत होतं, आणि आता बरोबर बाजूला फिरवत होतं. पहिल्यांदा हे मनात आलं तेव्हा चंदू शेडचं दार ओढून घेऊन बाहेर पडला. नंतर त्याला भीती वाटेनाशी झाली. एखाद्या दिवशी चाकं सरळच राहिली तर काय, याची भीती वाटू लागली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी कमळ निमेशच्या आवडीचं रांधत होती, आणि दारात दिपेश येऊन उभा राहिला. वाळला होता. हातात हेल्मेट आणि पेट्रोलची बाटली.

कमळचा झारा हातातच राहिला. "तू? आज? लाज हाय काय तुला?"

"काकी, ब्रेक माझे होते," दिपेश म्हणाला. "चांगले होते. गाडी काकांनी उभी केली असं ऐकलं. त्याच वाटेवर चालवून दाखवतो. नाय थांबली तर तुम्ही बोललात ते सगळं खरं."

"दाखव," कमळ म्हणाली. तिनं झारा खाली ठेवला, पदर खोचला. "मना बघायचंच हाय. वर्सभर झोपले नाय मी. चल."

चंदूचं लक्ष दिपेशच्या हातांकडे गेलं. ते उलट्या स्टेअरिंगवर शिकलेले होते. स्टेअरिंग आता सरळ होतं. तीच वाट, तेच वळण.

"गाडी चालायची नाय," तो घाईनं म्हणाला. "टाकीत गंज हाय."

"काल तुम्हीच चालू करून बघितली," कमळ म्हणाली. "गल्लीत आवाज गेला."

शेडमध्ये गेल्यावर त्याला वाटलं, अजून एक मार्ग आहे. गुपचूप पट्टी वर फिरवावी, जुनी होती तशी. दिपेशही वाचेल आणि कोणाला काही कळणारही नाही. तो गुडघ्यावर बसला, गाडीखाली हात घातला, आणि त्याच्या बोटांना वेल्डिंगचा खडबडीत गोळा लागला. ते त्यानंच केलेलं होतं. तो कपडे झटकत उठला.

टेकडी चढताना दिपेश पुढून दोरी ओढत होता, चंदू मागून ढकलत होता, आणि कमळ बाजूनं चालत होती. ऊन चढलं होतं. चढावर दम लागला तेव्हा गाडी थांबली आणि चंदू पुढं झाला. "दिपेश, जरा इकडं ये. बोलायचं हाय."

"काय बोलायचंय ते माझ्यासमोर बोला," कमळ म्हणाली.

"काय नाय," चंदू म्हणाला. "हळू चालव, एवढंच." आपल्याच तोंडून हे शब्द निघताना त्यानं ऐकले आणि त्याला स्वतःची किळस आली. वर्षभरात आली नव्हती तेवढी.

टाकीपाशी दिपेशनं गाडी वाटेच्या तोंडाला लावली. पेट्रोल ओतलं. आत बसला, पट्टे बांधले, हेल्मेट घातलं. खाली वाट सरळ जात होती, आणि वळणापलीकडे नुसतं आभाळ दिसत होतं. चंदू गाडीच्या मागे उभा होता. पाइपांच्या पिंजऱ्यातून त्याला फक्त हेल्मेट दिसत होतं, आणि हेल्मेट घातलेलं पोर मागून कोणाचंही असू शकतं. त्याच्या शेजारी कोणीतरी उभं असल्यासारखं त्याला वाटलं. उंचीनं त्याच्याएवढंच, श्वास न घेणारं, वाट बघणारं. त्यानं वळून बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

इंजिन चालू झालं. दिपेशनं रेस वाढवली.

चंदू धावला. पुढून फिरून गाडीसमोर उभा राहिला, पुढचा पाइप दोन्ही हातांनी धरला आणि इंजिनावर आवाज चढवून ओरडला, "स्टेअरिंग सरळ हाय! सरळ केलंय मी! तू वळवशील तिथंच वळेल!"

दिपेशनं रेस सोडली. कमळ दोन पावलं पुढं आली. "काय बोलताय?"

"मी केलं," चंदू म्हणाला. आता थांबायचं म्हटलं तरी त्याला थांबता येत नव्हतं. "आदल्या दिवशी संध्याकाळी. लोक हसतात म्हणून. पोराचे हात उलटे बसलेले, आणि मी स्टेअरिंग सरळ केलं, आणि त्याला सांगितलं नाय. सकाळी सांगणार होतो, तर तो निघाला होता. हाक मारली नाय. ब्रेकचं काय नव्हतं, कमळ. ब्रेक चांगले होते. मी केलं."

दिपेशनं इंजिन बंद केलं. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि ते बघून चंदूचे हात पाइपावरून सुटले.

"मला माहीत होतं, काका," दिपेश म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"त्या दिवसापासून. निमेश ओरडला होता ना. पहिला झोला बसला आणि ओरडला, दिप्या, बाबांनी स्टेअरिंग सरळ केलं रे! हसत होता. दुसऱ्या झोल्यालाही हसत होता. मागे वळून मला म्हणाला, बघ, शेवटी केलंच म्हाताऱ्यानं! खूश होता, काका. मग वळण आलं." तो थांबला. "डोक्याला कळलं होतं त्याच्या. हातांना नाय कळलं."

 खाली गावात कोणीतरी होडीवर हातोडा मारत होतं, त्याचा आवाज वर येत होता.

"वर्सभर गप का बसलास?" कमळनं विचारलं. 

"तो हसत होता हे सांगितलं असतं तर पुढचंही सांगायला लागलं असतं, काकी. ते काकांनी सांगायचं होतं. मी वाट बघितली. मग वाटलं, काका काय स्वतःहून बोलायचे नाय. म्हणून आज आलो."

"आणि मी नसतो बोललो तर?" चंदूनं विचारलं. "तू तर बसला होतास. निघाला होतास."

"गिअर टाकलाच नव्हता," दिपेश म्हणाला. त्यानं चंदूकडे बघितलं, आणि त्या बघण्यात रागही नव्हता. "तुम्ही मला जाऊ देताय काय, तेवढंच बघायचं होतं."

 चंदू वाटेवरच, लाल मातीत, बसला. ज्या तिसऱ्या झोल्यापाशी तो वर्षभर अडकला होता त्याच्या आधीचे दोन त्याला आता मिळाले होते. त्या दोन झोल्यांत पोर हसत होतं, बापाचा त्याला अभिमान वाटत होता, आणि चंदूला हे सहन होत नव्हतं. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं रे, तो पुटपुटला, आणि मोठ्यानं रडू लागला.

कमळ त्याच्याकडे गेली नाही. ती गाडीजवळ गेली, दिपेशचे पट्टे सोडवले आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. तिनं ते उलटसुलट करून बघितले, बोट न बोट, झडलेत का ते बघावं तसे. मग ती नवऱ्याला म्हणाली, "वर्सभर मी ह्या हातांना शिव्या घातल्या. आणि तुमच्या हाताला रोज वाढलं."

एवढंच. ती दिपेशला घेऊन टेकडी उतरली. चंदू बऱ्याच वेळानं मागोमाग गेला.

तो घरी पोचला तेव्हा निमेशचं पान बाहेर ठेवून झालं होतं आणि दिपेश जेवत होता. कमळ समोर बसून त्याच्या ताटात वाढत होती, आग्रह करत होती, नाही म्हणू देत नव्हती. चंदूसाठी तिनं ताट मांडलं होतं. स्वच्छ घासलेलं, पाण्याचा तांब्याही शेजारी होता. ताट रिकामं होतं. तो बसला, आणि ती वाढेल म्हणून वाट बघितली. मग उठला, चुलीपाशी गेला आणि त्यानं आपल्या हातानं वाढून घेतलं. कमळनं त्याला अडवलं नाही, की वर बघितलं नाही. त्या दिवसापासून त्या घरात चंदू स्वतःच वाढून घेतो.